दुधाळ पाण्यामागचं विज्ञान आणि भटनागर

कपाशीवर फवारणी चालू असताना कधी पंपापाशी थांबलायत? बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेलं तेलकट औषध पाण्यात पडलं, की पाणी क्षणात दुधाळ होतं. तेल आणि पाण्याचं तर कधीच जमत नाही, मग हे कसं? दोघांच्या सीमेवर एक ताण असतो. औषधातला साबणासारखा घटक तो कमी करतो आणि तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरून राहतात.

याच ताणाचा ध्यास घेतलेला एक मुलगा 21 फेब्रुवारी 1894 रोजी पंजाबातल्या भेरा गावी जन्मला. आठ महिन्यांचा असताना वडील गेले. इंजिनिअर आजोबांकडे, आजोळी तो वाढला. तोच शांतिस्वरूप भटनागर. पुरस्कारामुळे नाव तुम्हाला माहीत आहे. माणूस माहीत आहे का?

लंडनमध्ये डोनन यांच्या हाताखाली त्यांनी तेलात विरघळणाऱ्या साबणांसारख्या क्षारांवर काम केलं. या क्षारांनी तेलाचा पृष्ठताण कसा बदलतो, हे शोधून 1921 मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग बनारस, पुढे लाहोर.

तिथे खरी परीक्षा आली. अटक ऑइल कंपनीच्या विहिरी खणताना चिखल वापरत. खारं पाणी लागलं की तो घट्ट व्हायचा आणि काम ठप्प! भटनागरांनी ओळखलं, की मिठामुळे मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात. त्यांनी चिखलात साधा डिंक मिसळला. कण सुटे राहिले, चिखल पातळ राहिला. कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! त्यांनी ते स्वतःकडे न ठेवता विद्यापीठाला दिले. तुम्ही काय केलं असतं?

पुढे 1942 मध्ये सीएसआयआर उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख. पुण्याची एनसीएल 1950 मध्ये सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयोगशाळांच्या साखळीतली. 1 जानेवारी 1955 रोजी ते गेले.

आज संशोधक तेल-पाण्याच्या सीमेवर नॅनोकण बसवतात. नुसते कण ताण फारसा कमी करत नाहीत, पण थेंबांभोवती कुंपण घालून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. साबणासारख्या रेणूंची जोड मिळाली, तर ताणही उतरतो.

आणि हो, जे औषध पाण्यात पसरतं, ते कातडीतूनही आत शिरतं. 2017 च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तेव्हा पुढच्या वेळी बांधावर गेलात, तर हे विज्ञान घरच्यांना सांगा. हातमोजे आणि मास्क मात्र आधी द्या!