खोती, मतदान आणि डॉ. आंबेडकर

दापोली विधानसभा मतदारसंघात आज दापोली व मंडणगड हे दोन तालुके आणि खेड तालुक्याचा काही भाग येतो. या एकाच मतदारसंघात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे आहे, आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे माहेर वणंदही आहे. आपल्या कुणबी ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र का, असा प्रश्न एखादा वडीलधारा वाचक करील. त्याचे उत्तर आपल्या घरातील सातबाराच्या उताऱ्यात सापडते.

डॉक्टरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर ते सहकुटुंब दापोलीच्या कॅम्पात येऊन राहिले. सैन्यातील बरेच पेन्शनर तेथे वस्ती करून होते. पुढे हे कुटुंब साताऱ्यास व नंतर मुंबईस गेले. रमाबाईंचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहात, असे सांगतात. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर ही पोर नातलगांबरोबर मुंबईस आली आणि 1906 मध्ये भायखळ्याच्या बाजारात तिचे लग्न लागले. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी हे पुढचे सारे आपणांस पाठच आहे.

आता खोतीकडे वळू. गावाचा सारा सरकारात भरावयाचा तो खोताने. कुळाने मळ्यात राबावे आणि भाताच्या जमिनीत बहुधा अर्धा, वरकसात तिसरा हिस्सा खोताच्या घरी पोचवावा. उभ्या पिकाची अभावणी खोताची माणसे करीत. त्यांनी ठरविला तो आकडा. पाऊस दगा देवो की उंदीर खावोत. वर वेठ निराळी. खोत अनेक जातींत होते, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आणि कुळांत आपला कुणबी बहुसंख्य असला तरी त्याच्या शेजारच्या बांधावर महारही होता. दोघांचे दुःख एक आणि पाणवठे मात्र दोन! हे व्यंग डॉक्टरांनी नेमके ओळखले. 1929 च्या एप्रिलमध्ये चिपळूण येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी खोतीचा प्रश्न हाती घेतला.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. 1937 च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळाची निवडणूक झाली. मतदान त्या वेळी सरसकट नव्हते. सारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या आणि खोताच्या पडवीत उकिडवा बसणारा गरीब कूळ पुष्कळदा यादीबाहेरच राही. तरीही पक्षाच्या 17 उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. डॉक्टर स्वतः मुंबईतून विजयी झाले. रत्नागिरी जिल्ह्यातून त्यांच्या पक्षाचे अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर हे निवडून गेले. चित्रे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. महाडच्या सत्याग्रहापासून ते डॉक्टरांच्या सोबत होते. ज्या जिल्ह्यात खोताच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणे कठीण, तेथे खोतीविरोधी पक्षाला मते पडली, ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या मते या निकालाची नोंद ज्ञातीच्या इतिहासात व्हावी तितकी झालेली नाही.

17 सप्टेंबर 1937 रोजी डॉक्टरांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि कुळांचा सरकारशी थेट संबंध जोडून त्यांना जमिनीचा हक्क द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यात सूडबुद्धी नव्हती. 10 जानेवारी 1938 रोजी सुमारे 20 हजार शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कोकणातून कित्येक आगबोटीने आले. अनेकांनी मुंबई तोवर पाहिलीही नसेल. मुख्य प्रधान बाळ गंगाधर खेर यांना शिष्टमंडळ भेटले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. सत्ता काँग्रेसची होती आणि 1939 मध्ये तर ते मंत्रिमंडळच पायउतार झाले.

नंतरच्या निवडणुकांनी डॉक्टरांना साथ दिली नाही. 1952 मध्ये उत्तर मुंबईतून नारायणराव काजरोळकरांकडून ते पराभूत झाले आणि 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीतही त्यांचा पराभव झाला. ज्याने घटनेच्या मसुद्यावर परिश्रम करून प्रत्येक प्रौढाला मत दिले, त्यालाच त्या मतांनी दोनदा नाकारले! कोकणातून ते स्वतः कधी उभे राहिले नाहीत. राहिले असते तर आपल्या वाडवडिलांनी काय केले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही. जातीचा पडदा तेव्हा फार जाड होता, आणि आपल्यातील किती जणांनी तो बाजूला सारला असता, हे छातीवर हात ठेवून सांगणे कठीण आहे.

खोती नाहीशी करणारा कायदा मुंबई सरकारने 1949 मध्ये केला व तो पुढील वर्षी अमलात आला. त्या वेळी डॉक्टर दिल्लीस केंद्रीय कायदेमंत्री होते. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 हा कूळकायद्याने ठरविलेला कृषकदिन उजाडला आणि कसणाऱ्या कुळाचे नाव मालक म्हणून लागण्याचा मार्ग मोकळा झाला. दापोली-मंडणगडच्या पुष्कळ घरांतील पेटीत त्या काळचे कागद अजून जपून ठेवलेले आहेत.