मीठ, पाणी आणि आप्पासाहेब पटवर्धन

समुद्राचे पाणी खारट का, हा प्रश्न आमच्या रत्नागिरीच्या मुलांस सहसा पडत नाही. जन्मल्यापासून जी वस्तू डोळ्यांसमोर असते, तिच्याविषयी कुतूहल वाटू नये हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु याच किनाऱ्यावर एक असा पुरुष होऊन गेला की, ज्याच्या चरित्राचा एक मोठा अध्याय या खारट पाण्यानेच लिहिला. ते पुरुष म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन. सारा महाराष्ट्र त्यांस कोकणचे गांधी म्हणून ओळखतो. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावे आणि सांगता सांगता वर्गात शिकलेल्या द्रावणाच्या धड्याचीही उजळणी करावी, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

आप्पासाहेबांचा जन्म 1894 साली रत्नागिरीजवळील आगरगुळे या गावी झाला. बुद्धी तीव्र असल्यामुळे शिक्षणात ते सदैव पुढे राहिले. एम. ए. होऊन त्यांनी काही काळ पुण्यास प्राध्यापकाचे कामही केले. त्या काळी एवढी पदवी आणि एवढी जागा मिळालेल्या कोकणस्थ तरुणाच्या संसाराची चिंता कोणी करीत नसे. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. महात्मा गांधींच्या विचारांची ओढ लागून त्यांनी नोकरी सोडली, साबरमतीच्या आश्रमाची वाट धरली आणि पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन खादी व ग्रामसेवा यांस स्वतःला वाहून घेतले.

1930 साल उजाडले. 12 मार्च रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि 6 एप्रिल रोजी दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी चिमूटभर मीठ उचलले. त्या वेळी मिठावर मणास सव्वा रुपया कर होता आणि सरकारच्या परवानगीवाचून मीठ तयार करणे हा गुन्हा होता. गरिबाच्या भाकरीवर बसलेला हा कर मोडण्यासाठी कोकणात जागा निवडली गेली ती शिरोड्याची. वेंगुर्ले तालुक्यातील हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी त्या काळी ते रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. तेथील मिठागरांवर मे महिन्यात सत्याग्रहींच्या तुकड्या चालून गेल्या. कोकणातील या चळवळीच्या अग्रभागी आप्पासाहेब होते, आणि तिच्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला.

मे महिनाच का, हे समजण्यासाठी आपणास मिठागराच्या बांधावर क्षणभर उभे राहिले पाहिजे. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी सुमारे 27 ग्रॅम आपले नेहमीचे खाण्याचे मीठ असते. मिठाचा खडा विद्युद्भार असलेल्या अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो. पाण्याचे कण त्या कणांना ओढून एकेक करून सुटे करतात आणि आपल्यामध्ये सामावून घेतात. मीठ दिसेनासे होते, परंतु नाहीसे होत नाही. पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवला की त्याची साक्ष पटते.

आता या सामावून घेण्यास मर्यादा आहे. आपल्याकडील नेहमीच्या उष्णतेस 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते. त्याहून अधिक घातलेले मीठ कितीही ढवळले तरी तळाशीच राहते. अशा द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात. तेथे विरघळण्याची क्रिया थांबलेली असते असे मात्र समजू नये. जितके कण खड्यावरून पाण्यात जातात, तितकेच पाण्यातून परत येऊन खड्यावर बसतात. म्हणून आपणास काहीच घडत नसल्यासारखे वाटते.

गणिताची आवड असणाऱ्यांनी येथे एक लहानसा हिशेब करून पाहावा. 27 ग्रॅम मीठ विरघळलेल्या स्थितीत राहण्यास सुमारे 75 ग्रॅम पाणी पुरते. एक किलोग्रॅम समुद्रजलात पाणी असते सुमारे 965 ग्रॅम. म्हणजे मीठ खाली बसू लागण्यापूर्वी नऊ दशांशांहून अधिक पाणी उडून गेले पाहिजे! हे काम भट्टीवर करावयाचे तर किती लाकूड जळेल? परंतु मिठागरात ते सूर्य आणि वारा फुकट करून देतात. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि जसजसे ते आटत जाईल तसतसे पुढील वाफ्यांत सोडतात. आटणाऱ्या पाण्यातून चुन्याचे क्षार अगोदर खाली बसतात आणि त्यानंतर मिठाचे स्फटिक धरू लागतात. शेवटी उरणारे पाणी मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे कडू असते. ते वेळीच काढून टाकले नाही, तर मीठ कडवट होते आणि हवेतील ओल शोषून पाझरू लागते.

हिवाळ्यापासून चाललेले हे काम मे महिन्यात भरास येते. जून उजाडला की मृगाच्या सरी येतात आणि उघड्यावर राहिलेले मीठ पुन्हा पाणी होऊन जाते. निसर्गाने दिलेली ती थोड्या दिवसांची संधी होती. समुद्र सर्वांचा, ऊन सर्वांचे, मग त्या दोहोंनी मिळून तयार केलेले मीठ एकट्या सरकारचे कसे, हा सत्याग्रहींचा प्रश्न शेतकऱ्यास व कोळ्यास समजावून सांगण्यास व्याख्यानाची गरज पडली नाही. पुढे मार्च 1931 मधील गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्यावरील गावांतील लोकांस घरच्या उपयोगापुरते मीठ घेण्याची मोकळीक मिळाली, आणि 1947 साली तो कर रद्द झाला.

येथपर्यंतचे आप्पासाहेब लोकांस फार प्रिय झाले. परंतु त्यांची खरी परीक्षा पुढेच होती. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैला साफ करण्याचे काम रूढीप्रमाणे ठराविक जातींच्या कैद्यांकडूनच करून घेत. ते काम आपणास मिळावे अशी ब्राह्मण आप्पासाहेबांनी मागणी केली. ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला. हे कळताच येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही डिसेंबर महिन्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे मान्य केले, तेव्हा उपवास सुटले.

सुटकेनंतरही त्यांनी हा मार्ग सोडला नाही. मेलेल्या जनावरांचे कातडे सोडविणे व कमाविणे, मैल्यापासून निर्गंध सोनखत करणे, ही कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. 1948 साली कणकवली येथे त्यांनी गोपुरी आश्रम उभारला आणि कोणाही माणसास दुसऱ्याचा मैला उचलावा लागू नये, अशा खताच्या संडासाचा प्रसार केला. माझी जीवनयात्रा या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले आहे. 1971 साली त्यांचे देहावसान झाले.

मिठाच्या सत्याग्रहाचे कौतुक आम्ही सर्वांनी केले. मात्र हातात झाडू आणि सुरी घेतलेल्या आप्पासाहेबांस आपल्या पंक्तीस बसवून घेणे समाजास जड गेले. जणू समाजाचे पाणी तेथे संपृक्त झाले होते, आणि पुढचे मीठ तळाशी राहिले.

यावर उपाय कोणता? तोही द्रावणाच्याच धड्यात आहे. सोरा थंड पाण्यात थोडा विरघळतो, पण तेच पाणी तापविले की कितीतरी पटींनी अधिक विरघळतो. मिठाची गोष्ट निराळी आहे. 100 ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापविले, तरी त्यात जेमतेम 39 ग्रॅम मीठ मावते. तळाशी राहिलेले मीठ विरघळावयाचे असेल, तर आच वाढवून भागत नाही, पाणीच वाढवावे लागते. आप्पासाहेबांनी हेच केले असे आम्हांस वाटते. रागाने वा वादाने समाजास तापविण्याच्या भरीस न पडता, ते स्वतः झाडू घेऊन त्याच्यात उतरले आणि त्याच्या मनाचे पात्र थोडे मोठे करून गेले.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी प्रयोगशाळेत पेल्याच्या तळाशी न विरघळलेले मीठ दिसेल, तेव्हा या कोकणपुत्राचे स्मरण करा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, शाळेचे अथवा घराचे आवार झाडण्यास मुलाने आपण होऊन झाडू उचलला, तर त्याच्या हातातून तो काढून घेऊ नये.