चिमाजी अप्पा आणि आपल्या गंगेवरची घंटा

मंडळाच्या चिटणीस बाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून मागितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे यांपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण मागच्या श्रावणात एक लहानशी गोष्ट घडली आणि ती मनातून जाईना, म्हणून हे लिहावयास बसले आहे.

आमच्या शेजारी राहावयास आलेल्या बाई वसईकडच्या. धर्माने ख्रिस्ती, पण बोलणे आपले मराठीच. एका सोमवारी मी त्यांना गंगेवर घेऊन गेले. रामकुंड झाले, मग नारोशंकराच्या देवळाशी आलो. तिथली ती भली मोठी घंटा आपण सर्वजणी लहानपणापासून पाहत आलो. त्यांनी ती कुठली म्हणून विचारले. मी मोठ्या अभिमानाने सांगून टाकले, की चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा फिरंग्यांच्या चर्चमधून ती आणली. बाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या वर बघत राहिल्या. घरी येईपर्यंत मला चुटपुट लागली. ज्यांच्या घंटेविषयी मी एवढ्या तोऱ्यात बोलले, त्यांच्याच गावची ती, आणि चिमाजी अप्पांविषयी मला या एका वाक्यापलीकडे काय ठाऊक होते? ह्यांना सांगून सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणविली आणि दुपारची झोप सोडून वाचली.

चिमाजी अप्पा म्हणजे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू. त्यांची आई राधाबाई ही आपल्या सिन्नरजवळच्या डुबेरे गावच्या बर्व्यांची लेक. म्हणजे अप्पांचे आजोळ आपल्याच जिल्ह्यातले! बाजीरावांचा जन्म तर डुबेऱ्यालाच झाला असे सांगतात. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० साली वारले, तेव्हा दोघे भाऊ कोवळ्या वयाचेच होते. बाजीरावांनी तलवार गाजवावी आणि अप्पांनी पैसा, फौज, पत्रव्यवहार आणि घर सांभाळावे अशी जणू वाटणीच झाली. पण अप्पा काही नुसते कारभारी नव्हते. १७२८ साली माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगलांची फौज बुडविली, आणि १७३६ साली जंजिऱ्याच्या सिद्दी साताला रेवसच्या बाजूला लढाईत मारले. प्रकृती मात्र प्रथमपासून नाजूक होती.

घरचे सुख त्यांना फारसे लाभले नाही. पहिली पत्नी रखमाबाई १७३० साली सदाशिवरावांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. ते बाळ आजी राधाबाईंनी वाढविले. पुढे पानिपतावर पडले ते हेच सदाशिवरावभाऊ.

आता वसई. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने ती पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. त्यांच्या राज्यात देवळे पडली, उघडपणे लग्न-मुंज करण्याला बंदी आली. १५५९ सालच्या एका हुकुमाने आईबाप नसलेली हिंदूंची मुले पाद्र्यांच्या ताब्यात द्यावयाची असे ठरले. हे वाचताना पुस्तक मिटून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. १५६० पासून गोव्यात धर्मखात्याचे न्यायालय बसले, ते १८१२ पर्यंत होते. तेव्हा अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ यांच्यासारखे लोक पेशव्यांकडे धावत गेले यात नवल नाही. मार्च १७३७ मध्ये थोरले बंधू दिल्लीच्या वेशीवर घोडे नाचवीत होते, तेव्हा इकडे अप्पांच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला.

इथवर वाचून मला वाटले, झाले, ही धर्माची लढाई. पण पुढे वाचले आणि घोटाळ्यात पडले. शेजारी मुंबईला इंग्रज होते, तेही ख्रिस्तीच. मुंबई त्यांना मिळाली तीच मुळी पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदण म्हणून, आणि १६६१ च्या त्या करारात पोर्तुगीजांचे इकडचे मुलूख सांभाळण्याचे वचनही दिलेले होते. पण पंथ निराळा आणि व्यापारातली चुरस जुनी. पोर्तुगीज ठाणे परत घ्यावयास निघाले, तेव्हा इंग्रजांनीच मराठ्यांना आधी खबर दिली असे इतिहासकार लिहितात. वसईला वेढा पडल्यावर पोर्तुगीजांनी मदत मागितली, तर इंग्रजांनी पंधरा हजार रुपये कर्ज दिले, तेही चर्चची चांदीची भांडी आणि तोफा गहाण ठेवून! अडल्या बाईचे मंगळसूत्र ठेवून घेणारा सावकार दुसरे काय करतो? आणि त्याच १७३९ च्या मार्चमध्ये इराणचा नादिरशहा दिल्ली लुटीत होता. लुटणारा मुसलमान आणि लुटला जाणारा बादशहाही मुसलमान.

वेढा फेब्रुवारीत पडला तो मे महिन्यात संपला. त्यापूर्वी जानेवारीत तारापूर घेताना अप्पांचे जिवलग बाजी भिवराव पडले. त्यांच्या आईला अप्पांनी स्वतः सांत्वनाचे पत्र लिहिले. वसईच्या तटाला सुरुंग लावले, काही उलटले, काही उडाले. आपली माणसे हजारांनी मेली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही येऊन मिळाले. शेवटी किल्ला शरण आला.

आणि येथेच अप्पा मला खरे मोठे वाटले. एवढे रक्त सांडल्यावर किल्ल्यात कत्तल झाली नाही. आठ दिवसांची मुदत दिली, शिबंदीला हत्यारांसह मानाने जाऊ दिले, बायकामुलांना सुखरूप वाट दिली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. घंटा मात्र आणल्या. एक भीमाशंकरला आहे, एक मेणवलीला. आपली घंटा त्यांतलीच असे परंपरा सांगते. देऊळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधले, म्हणजे अप्पांच्या पश्चात.

विजयानंतर इंग्रज घाबरले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून शहराभोवती खंदक खणण्यास पैसे दिले, आणि कॅप्टन इंचबर्ड वसईस येऊन अप्पांशी व्यापाराचा तह करून गेला. तो पाहुणा किती लांबवर पाहत होता, हे त्यांना कसे कळावे!

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीस वारले. त्याआधीच्या हिवाळ्यात मस्तानीला कैदेत ठेवण्यात अप्पांचा हात होता, हे लपवून काय करावयाचे? मला ते आवडले नाही. भाऊ गेल्यावर अप्पाही फार दिवस राहिले नाहीत. १७ डिसेंबर १७४० रोजी ते गेले, तिशी नुकतीच ओलांडली होती. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. वसईच्या परक्या बायका सुखरूप गेल्या आणि घरची मुलगी चितेवर चढली. पुण्यात ओंकारेश्वरापाशी अप्पांची समाधी आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. १७७४ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमार वसई परत घ्यावयास येत आहे अशी आवई उठली, तेव्हा त्यांच्या आधी इंग्रजांनीच ठाणे बळकावले. दुसऱ्याच वर्षी पेशवाईच्या लोभाने राघोबादादांनी वसई आणि साष्टी इंग्रजांना कबूल केली. राघोबा म्हणजे अप्पांचे सख्खे पुतणे, ज्यांचे आनंदवल्ली आपल्या नाशकातच! त्यांचे चिरंजीव दुसरे बाजीराव यांनी १८०२ साली फौजेच्या बदल्यात स्वातंत्र्य इंग्रजांच्या पदरात घातले, आणि तो तह केला तोही वसईलाच.

हा लेख चिटणीस बाईंकडे देण्याआधी मी शेजारच्या बाईंना वाचून दाखविला. कर्जाच्या गोष्टीला त्या खळखळून हसल्या. मुलांच्या हुकुमाची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती, ती त्यांनी पुन्हा वाचावयास लावली. मग म्हणाल्या, की मागे राहिलेल्यांतलेच त्यांचे वाडवडील. दिवाळीनंतर त्या माहेरी जाणार आहेत, तेव्हा मलाही किल्ला पाहावयास बरोबर चला असा त्यांचा आग्रह आहे. ह्यांनी होकार दिला आहे.