कंकणद्वीपांचा तळ शोधणारा डार्विन

हल्ली सुखवस्तू मराठी घरांच्या सुट्टीच्या बेतांत एक नवा प्रकार शिरला आहे. मालदीवला जावयाचे, तेथे एका बोटीवर आठवडाभर मुक्काम ठोकायचा, तिच्यावरच जेवायचे, तिच्यावरच झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पोवळ्यांच्या रानात बुडी मारायची. बोट एका कंकणद्वीपाकडून दुसऱ्याकडे जात राहते. माझ्याकडे गाणे शिकणारे एक जोडपे असे जाऊन आले. परतल्यावर पहिल्या शिकवणीला तानपुरा गवसणीतच राहिला आणि मासे व पोवळी यांचेच वर्णन चालले. बोलता बोलता त्यांनी विचारले, की चोहोंकडे अथांग समुद्र असताना मधोमध ही बांगडीसारखी गोल बेटे आली कोठून?

या प्रश्नाचे खरे उत्तर ज्याने प्रथम दिले तो चार्ल्स डार्विन होय. त्याचे नाव निघाले की माकड आणि माणूस एवढेच आपल्याला आठवते. परंतु उत्क्रांतीवरचा त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघण्याच्या सतरा वर्षे आधी, १८४२ साली, त्याने पोवळ्यांच्या बेटांवर एक ग्रंथ लिहिला होता. डार्विनचे मोठेपण कशात होते हे समजून घ्यावयाचे, तर माझ्या मते त्या ग्रंथापासून सुरुवात करावी.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूजबरी गावी झाला. वडील नावाजलेले डॉक्टर होते. मुलगा आठ वर्षांचा असतानाच आई वारली. वडिलांनी त्याला वैद्यकी शिकण्यास एडिंबरोला धाडले, पण भूल देण्याचे औषध नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया पाहून त्याने तेथून काढता पाय घेतला. मग धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्याची रवानगी केंब्रिजला झाली. तेथेही त्याचे चित्त अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात अधिक रमले. वडिलांना हा मुलगा घराण्याचे नाव घालविणार अशी धास्ती वाटत होती.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या हेन्स्लो या गुरूचे पत्र आले. बीगल नावाचे सरकारी जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यास निघाले होते आणि त्याच्या कप्तानाला सोबतीला एक शिकलेला, निसर्गाची आवड असलेला गृहस्थ हवा होता. वडिलांनी साफ नकार दिला. पण मामा जोसाया वेजवुड भाच्याच्या बाजूने उभा राहिला आणि परवानगी मिळाली. कप्तान फिट्झरॉय स्वतः अवघा सव्वीस वर्षांचा. चेहऱ्यावरून माणसाची परीक्षा करण्याचा त्याला नाद होता, आणि डार्विनचे नाक पाहून या माणसात दम नसावा अशी त्याला शंका आली. तरीही निवड झाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने किनारा सोडला.

ते जहाज जेमतेम ९० फूट लांब, आणि त्यावर सत्तरांहून अधिक माणसे. नकाशांच्या मेजावर झोळी टांगून डार्विन झोपे, आणि झोळीला जागा व्हावी म्हणून रोज रात्री एक खण बाहेर काढून ठेवावा लागे. त्यातून त्याला बोट लागे, ती पाच वर्षांत कधी पूर्णपणे सुटली नाही. दोन वर्षांचा म्हणून ठरलेला प्रवास पावणेपाच वर्षे चालला. त्यांतील तीन वर्षांहून अधिक काळ मात्र त्याने जमिनीवर काढला: घोड्यावरून, पायी, डोंगर चढत, दगड फोडत.

फेब्रुवारी १८३५ मध्ये चिली देशात मोठा भूकंप झाला. डार्विन त्या वेळी रानात विसाव्यासाठी आडवा झाला होता. पुढे कॉन्सेप्सिओन शहराची धूळधाण पाहताना त्याच्या ध्यानात आले, की किनाऱ्याची जमीन दोन-तीन फूट वर उचलली गेली आहे. अँडीज पर्वतात हजारो फूट उंचीवर त्याला समुद्रातील शिंपले सापडले. म्हणजे जमीन हळूहळू वर येत होती. मग त्याने असा विचार केला, की एकीकडे भूखंड वर येत असेल, तर दुसरीकडे महासागराचा तळ खाली जात असला पाहिजे. आणि तळ खाली जात असेल तर त्यावरील बेटांचे काय होईल? कंकणद्वीपांची उपपत्ती त्याच्या मनात येथेच, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर बनली. पोवळ्यांचे एकही बेट तोवर त्याने पाहिले नव्हते.

पुढे नोव्हेंबर १८३५ मध्ये ताहिती बेटावरील एका डोंगरावर चढून त्याने समोरचे मोरेआ बेट पाहिले. मध्ये उंच डोंगर, त्याभोवती शांत पाण्याचे वलय आणि त्याबाहेर लाटांचा पांढरा फेस उडविणारा पोवळ्यांचा बांध. मधला डोंगर तेवढा पाण्याखाली गेला असे मनाशी धरले, की उरते ते कंकण.

एप्रिल १८३६ मध्ये बीगल हिंदी महासागरातील कीलिंग बेटांस लागली. तेथे बारा दिवस मुक्काम पडला. आजचा पाणबुड्या पाठीवर नळकांडे बांधून सहज खाली उतरतो, पण ते साधन कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. डार्विनपाशी होती एक लांब काठी, जिच्या आधाराने तो लाटांच्या तडाख्यातून बांधाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचला, आणि दुसरी एक शिशाच्या वजनाची दोरी. त्या वजनाच्या बुडाशी चरबी थापून ते तळाशी सोडीत व वर ओढून पाहत. दहा वाव खोलीपर्यंत चरबीवर जिवंत पोवळ्यांचे स्वच्छ ठसे उमटत आणि वाळूचा एक कणही चिकटत नसे. खोली वाढू लागली तसे ठसे विरळ झाले आणि वाळू वाढली. वीस-तीस वावांच्या खाली बेट बांधणारी पोवळी जगत नाहीत हे त्यावरून ठरले. उलट किनाऱ्यापासून २२०० यार्डांवर फिट्झरॉयने ७२०० फूट दोरी सोडली, तरी तिला तळ लागला नाही.

येथेच सारे कोडे होते. उथळ, उबदार, उजेडाच्या पाण्यावाचून न जगणारा हा जीव इतक्या खोलीतून भिंत बांधीत वर आला कसा? मोठमोठे पंडित म्हणत, की ही कंकणे म्हणजे पाण्याखालील ज्वालामुखींची तोंडे असून पोवळी त्यांच्या काठावर बसली आहेत. डार्विनने सांगितले, की पोवळ्यांनी खोलातून बांधले नाही, त्यांच्याखालची जमीनच खाली गेली. प्रथम ज्वालामुखीच्या बेटाला चिकटून पोवळी वाढतात. बेट लाखो वर्षे तिळातिळाने खचत जाते, आणि उजेडात राहण्यासाठी जिवंत पोवळी मेलेल्या पिढ्यांच्या अंगावर उभी राहून तितकीच वर चढतात. बेट आणि बांध यांच्यात पाणी शिरते. शेवटी डोंगराचे शिखरही बुडते, आणि जेथे राज्य होते तेथे तळे, भोवती कंकण, एवढेच उरते. माझे वडील दरबारी गवई होते, त्यामुळे विद्यार्थ्यांना हे सांगताना मला आमच्याच शहराचा दाखला सुचतो: दरबार गेला, पण भोवतीची गाणारी घरे त्या मानाने वर येत गेली म्हणून गाणे उरले. उपमा फार ताणू नये, तथापि समजण्यास ती पुरते.

ऑक्टोबर १८३६ मध्ये तो मायदेशी परतला. मे १८३७ मध्ये त्याने लंडनच्या भूगर्भ-परिषदेपुढे आपला निबंध वाचला. ज्वालामुखीच्या तोंडाची कल्पना उचलून धरणारा लायेल हा त्याचा गुरुतुल्य मित्र. पण शिष्याची उपपत्ती ऐकून त्याने स्वतःचे मत आनंदाने सोडले. गुरूचा हा मोठेपणाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८४२ च्या ग्रंथात मालदीव, लक्षद्वीप व चागोस यांचा सविस्तर विचार आहे. डार्विन तेथे कधी गेला नव्हता. ती माहिती बरीचशी कप्तान मोर्सबी याच्या मोजणीची, आणि मोर्सबी होता कंपनी सरकारच्या मुंबईच्या आरमारातला. इंग्रजीत कंकणद्वीपाला जो अटॉल शब्द रूढ झाला, तोही मूळ मालदीवच्या भाषेतला.

१८३९ मध्ये मामेबहीण एमा हिच्याशी त्याचा विवाह झाला. एमा पियानो उत्तम वाजवी. आणि येथे मला, एका गाणे शिकविणाऱ्याला, डार्विनविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. त्याला सुराचा कान मुळीच नव्हता. ओळखीची चाल जरा जलद किंवा संथ वाजविली की ती त्याला ओळखू येत नसे, आणि केंब्रिजमध्ये मित्र यावरून त्याची गंमत करीत. पण किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातले गायन ऐकून त्याच्या अंगावर काटा येई, आणि तेथील गाणाऱ्या मुलांना पैसे देऊन तो आपल्या खोलीवर गायला बोलावी. उतारवयात काव्य व संगीत यांची गोडी हरपल्याची त्याला खंत वाटे. आयुष्य पुन्हा मिळाले, तर आठवड्यातून निदान एकदा तरी संगीत ऐकण्याचा नेम करीन, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. कान नसलेल्या माणसाने ही नोंद करावी, आणि कान असलेल्या आपल्यापैकी कितीजण तो नेम पाळतात?

१८४२ मध्ये लंडन सोडून तो डाऊन या खेड्यात राहण्यास गेला तो कायमचा. प्रकृती सदा नादुरुस्त. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली, त्यांत दहा वर्षांच्या ॲनीचा मृत्यू त्याच्या जिव्हारी लागला. तरी काम थांबले नाही. खडकाला चिकटणाऱ्या बार्नेकल या क्षुद्र जीवावर त्याने आठ वर्षे घालविली. १८५९ मध्ये उत्क्रांतीचा ग्रंथ निघाला आणि जगभर वादळ उठले. त्या ग्रंथाचे बीज पोवळ्यांतच दिसते: लहानसा फरक, अफाट काळ आणि त्यातून घडणारे मोठे काम. १८८१ मधील शेवटचा ग्रंथ गांडुळांवर. त्यासाठी त्याने गांडुळांपुढे बॅसून हे खर्जातले फुंकवाद्य वाजवविले. त्यांना काहीच ऐकू आले नाही. पण त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून खर्जाचा सूर दाबताच ती झटकन बिळात शिरली. ऐकू न येताही कंप त्यांना कळत होता.

कंकणद्वीपांचा वाद मात्र मिटला नव्हता. मरे आणि अगासिझ यांनी डार्विनच्या उपपत्तीवर मोठे आक्षेप घेतले. डार्विन रागावला नाही. एखाद्या कोट्यधीशाने प्रशांत व हिंदी महासागरांतील कंकणद्वीपांत पाच-सहाशे फूट खोल छिद्र पाडून पाहावे, अशी इच्छा त्याने १८८१ मध्ये अगासिझलाच पत्रातून कळविली. १९ एप्रिल १८८२ रोजी त्याचे देहावसान झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरण्यात आले.

१८९६ ते १८९८ या काळात फुनाफुती बेटावर ११०० फुटांपर्यंत छिद्र पाडण्यात आले. शेवटपर्यंत पोवळ्यांचाच चुनखडक लागला, आणि निकाल अर्धवट राहिला. १९५२ मध्ये अमेरिकेने एनिवेटोक या कंकणद्वीपावर चार हजार फुटांहून खोल छिद्रे पाडली, तेव्हा पोवळ्यांच्या थराखाली काळा ज्वालामुखी खडक लागला. चरबीच्या ठशांवरून बांधलेले अनुमान एकशे सोळा वर्षांनी खरे ठरले. हिमयुगांत समुद्राची पातळी वरखाली झाल्याने या बेटांचा आकार घडण्यास मदत झाली हे आता कळले आहे, पण भर समुद्रातील कंकणांच्या बाबतीत डार्विनचा पाया कायम आहे. दुर्दैव असे, की ज्या एनिवेटोकवर हा पुरावा मिळाला, तेथेच त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी होऊन एक अख्खे बेट नाहीसे झाले.

डार्विनचा हिशेब अखेर साधा आहे. पोवळ्यांची वाढ बुडण्याच्या गतीला पुरी पडेल तोवरच कंकण टिकेल. खचण्याची नैसर्गिक गती इतकी मंद, की हा चिमुकला जीव तिला कोट्यवधी वर्षे पुरा पडला. आता समुद्र तापत आहे आणि त्याची पातळीही वाढत आहे. १९९८ मध्ये पाणी तापून मालदीवची उथळ पोवळी फार मोठ्या प्रमाणात पांढरी पडून मेली, २०१६ मध्ये पुन्हा तोच आघात झाला, आणि २०२३ पासून जगभरच्या समुद्रांतून तशीच वार्ता आली. आठवडाभर बोटीवर राहून बुडी मारणाऱ्याला दिसते ते या उंच इमारतीचे वरचे, जिवंत आणि नाजूक छप्पर तेवढे. ते मेले, तर खालच्या हजारो फूट चुनखडकाला वर चढता यावयाचे नाही. तेथे जाणाऱ्यांनी खुशाल जावे आणि डोळे भरून पाहावे. मात्र पोवळ्याला हात लावू नये, पाय टेकू नये, आणि आपण कोणाच्या छपरावर तरंगत आहोत याची आठवण ठेवावी.