यंत्रकार फर्डिनांड पोर्शे

फ्रान्समध्ये ल मां नावाचे शहर आहे. तेथे १९२३ सालापासून, मधली काही वर्षे सोडल्यास, मोटारगाड्यांची एक विलक्षण शर्यत भरत आली आहे. इतर शर्यतींत अंतर ठरलेले असते. येथे काळ ठरलेला असतो. चोवीस तासांत जी गाडी सर्वांत अधिक अंतर तोडील ती विजयी. एकट्या माणसाचे हे काम नव्हे. म्हणून हल्ली प्रत्येक गाडीस तीन चालक असतात आणि भर मध्यरात्रीही ते आळीपाळीने तिचे चक्र हाती घेतात. आपल्या देशाचे करुण चांढोक २०१२ साली या शर्यतीत उतरले, तेव्हा त्यांच्या गाडीने सहावा क्रमांक मिळविला होता.

२०१५ साली पोर्शे कंपनीच्या ‘९१९ हायब्रीड’ गाडीने ३९५ फेऱ्या पूर्ण करून ही शर्यत जिंकली. जर्मनीचे निको हुल्केनबर्ग, न्यूझीलंडचे अर्ल बॅम्बर आणि इंग्लंडचे निक टँडी हे तिचे सारथी. यांपैकी पहिले दोघे तर ल मांच्या शर्यतीत प्रथमच उतरले होते. गाडीत चार सिलिंडरांचे, दोन लिटरचे पेट्रोल इंजिन होते. त्याशिवाय पुढच्या चाकांना विजेची मोटर जोडलेली होती. ब्रेक लावताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिची वीज करून ती बॅटरीत साठवावयाची आणि वेग घेताना पुन्हा चाकांना द्यावयाची, अशी ही योजना. पेट्रोल आणि वीज यांचा संसार एकाच गाडीत थाटण्याची कल्पना मात्र नवी नव्हती. ज्यांचे नाव त्या गाडीवर होते, त्यांनी ती ११५ वर्षांपूर्वीच प्रत्यक्षात आणली होती. त्या फर्डिनांड पोर्शे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे काम करणारे कुशल कारागीर. थोरला मुलगा कामावर असताना अपघातात दगावला, तेव्हा धाकट्या फर्डिनांडाने हातोडी धरावी असे वडिलांनी ठरविले. मुलाचे मन मात्र विजेत गुंतले होते. गावातील गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे आले होते. ते पाहून या मुलाने दिवसा दुकानात राबून, संध्याकाळी तंत्रशाळेत शिकून, अखेर आपल्या घरातही विजेचे दिवे लावून दाखविले. वडिलांचा विरोध तेथे मावळला असावा. कारण १८९३ साली, अठराव्या वर्षी, फर्डिनांड व्हिएन्नाला विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात कामास लागला. तेथील तांत्रिक विद्यापीठात त्याला प्रवेश नव्हता. काम सुटल्यावर तो चोरून मागच्या बाकावर जाऊन बसे आणि व्याख्याने ऐके. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली.

राजघराण्यासाठी बग्ग्या बनविणारे लोनर यांच्याकडे पोर्शे आले, तेव्हा त्यांनी एक धाडस केले. त्या काळच्या मोटारींत इंजिनाची शक्ती साखळ्या, पट्टे आणि दाते यांच्या वाटेने चाकांपर्यंत जाई आणि वाटेतच बरीच खर्ची पडे. पोर्शे यांनी विजेची मोटर थेट चाकाच्या तुंब्यातच बसविली. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी यंत्रमागाची माहिती आहे, म्हणून सांगतो. पूर्वीच्या गिरण्यांत एका लांब दांड्यावरून पट्टे सोडून सारे माग फिरवीत. आज पांडेसऱ्यात किंवा सचिनला मागागणिक स्वतंत्र मोटर असते. फरक साधारण तोच. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली आणि पंचविशीतील हा कारागीर युरोपभर ठाऊक झाला.

अडचण होती ती बॅटरीची. शिशाची ती बॅटरी ४०० किलोंहून जड, आणि एवढे ओझे वाहूनही गाडी पन्नासेक किलोमीटर गेली की वीज संपे. पोर्शे यांनी मग गाडीतच छोटी पेट्रोल इंजिने बसविली. ती चाके फिरवीत नसत. ती जनित्र फिरवीत, जनित्र वीज देई आणि विजेने चाके फिरत. या प्रयोगाला त्यांनी ‘सेम्पर व्हिव्हस’, म्हणजे सदैव सजीव, असे लॅटिन नाव दिले. त्यातूनच १९०१ साली ‘मिक्स्त’ ही गाडी निघाली. भेस्तानच्या स्थानकावर डिझेलचे इंजिन आले तर नीट निरखून पाहा. त्यातही डिझेलयंत्र जनित्र फिरविते आणि चाके फिरतात ती विजेच्या मोटरींनी. तत्त्व तेच आहे.

पोर्शे नुसते आराखडे काढून स्वस्थ बसणारे नव्हते. आपली गाडी शर्यतीत आपणच हाकावी, हा त्यांचा बाणा. १९१० साली जर्मनीतील प्रिन्स हाइन्रिख यांच्या नावाच्या अनेक दिवसांच्या शर्यतीत ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले आणि पहिल्या क्रमांकाच्या गाडीवर स्वतः पोर्शे होते. गाडीतील दोष नकाशावर दिसत नाही, तो हातापायांना कळतो. आमच्या मते पोर्शे यांचे सारे यश याच सवयीत आहे. पुढे त्यांनी पेट्रोल-विजेचे तेच तत्त्व वापरून तोफा ओढणाऱ्या गाड्यांच्या माळा बनविल्या, मर्सिडीझच्या नामांकित गाड्या घडविल्या आणि १९३१ साली स्टुटगार्ट येथे स्वतःची संस्था काढली.

या संस्थेत त्यांचे एक भागीदार होते, आडोल्फ रोझेनबर्गर. ते स्वतः नाणावलेले शर्यतपटू. संस्थेला प्रारंभीचा पैसा मिळाला तो पुष्कळसा त्यांच्यामुळे. पण ते ज्यू होते. हिटलरची सत्ता आल्यावर १९३५ साली त्यांचा हिस्सा नाममात्र किमतीस घेण्यात आला. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन छळछावणीत टाकण्यात आले. सुटल्यावर त्यांनी देश सोडला. अमेरिकेत नाव बदलून ते राहिले आणि १९६७ साली तेथेच वारले.

विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या चरित्रांत असे पान हळूच उलटून टाकण्याची प्रथा आहे. आम्ही ती पाळणार नाही. १९३४ साली पोर्शे यांनी सरकारसाठी सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार रचण्याचे काम घेतले. तीच पुढे जगभर ‘बीटल’ म्हणून गाजली, आणि ती बनविणाऱ्या फोक्सवागेन कंपनीने पुण्याजवळ चाकण येथे २००९ साली कारखाना उघडला. गाडीसाठी तीन लाखांहून अधिक जर्मन कुटुंबांनी आठवड्याला पाच मार्कांप्रमाणे पैसे भरले. युद्ध सुरू झाले आणि एकालाही गाडी मिळाली नाही. कारखाना लष्करी सामान करू लागला. त्यात निम्म्याहून अधिक मजूर जिंकलेल्या देशांतून आणि छळछावण्यांतून पकडून आणलेले होते. पोर्शे १९३७ साली नाझी पक्षाचे सभासद झाले. कारखान्याच्या चालकांत ते होते. त्यांना राजकारणात रस नव्हता, यंत्रापलीकडे त्यांना काही दिसत नसे, असे त्यांचे चाहते सांगतात. ते खरे मानले तरी कारखान्यात समोर उभी असलेली उपाशी माणसे यंत्रे नव्हती. ज्या हातांना गाडीतील बारीकसा दोष कळे, त्यांना हे कळले नाही असे मानावयास आमचे मन घेत नाही.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या डिसेंबरात फ्रेंचांनी पोर्शे यांना अटक केली. वीस महिने ते कैदेत होते. त्यातला बराच काळ दिजों येथील तुरुंगात गेला. वय सत्तरीचे, प्रकृती ढासळलेली. त्यांचा मुलगा फेरी याने एका इटालियन गृहस्थासाठी शर्यतीची गाडी रचून पैसा उभा केला आणि त्यातून जामीन भरून १९४७ साली वडिलांना सोडविले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातील ग्म्युंड या खेड्यात, फेरी यांच्या देखरेखीखाली, पोर्शे हे नाव धारण करणारी ‘३५६’ ही गाडी तयार झाली. वृद्ध पोर्शे यांनी ती पाहिली. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, जून १९५१ मध्ये, पोर्शेची एक लहानशी गाडी प्रथमच ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. इंजिन अवघे ११०० घनसेंटिमीटरच्या आतले. तिने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला. तिचे चालक होते ओग्युस्त व्हेये आणि एदमों मूश. दोघेही फ्रेंच.