जोसेफ मँटन आणि त्याची दुनळी

कारागिरीचा इतिहास लिहिताना शिल्पकार, सुवर्णकार, फार तर घड्याळजी आठवतात. बंदूक घडविणाऱ्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. लंडनचा जोसेफ मँटन याला अपवाद आहे. त्याचे चरित्र कागदपत्रांइतकेच त्याच्या दुनळी बंदुकांवर उमटलेले आहे, आणि अशी एखादी जुनी बंदूक पूर्ववत करावयास घेणाऱ्याला ते आधी वाचावे लागते.

मँटनचा जन्म १७६६ साली इंग्लंडातील ग्रँथम येथे झाला. थोरला भाऊ जॉन हाही नामांकित बंदूककार. जोसेफने लंडनच्या डेव्हीस स्ट्रीटवर दुकान थाटले. गिऱ्हाइके बहुधा उमराव वर्गातली. कवी बायरन तेथे पिस्तुलाच्या नेमबाजीचा सराव करी.

दोन नळ्या शेजारी शेजारी जोडण्याची कल्पना मँटनची नव्हे. पण हलकी, तोललेली, खांद्याला लावताच नेमावर येणारी दुनळी घडविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उडणाऱ्या पक्ष्यावर झाडलेले छर्रे बहुधा त्याच्या खालून जातात. म्हणून मँटनने दोन नळ्यांमधली पट्टी घोड्यांच्या बाजूला उंच केली आणि १८०६ मध्ये तिचे पेटंट घेतले. या पट्टीवरून नेम धरला की नळ्यांचे तोंड आपोआप किंचित वर राहते. साधीच गोष्ट, पण आधी कोणी केली नव्हती!

या बंदुका चकमकीच्या. गार पोलादावर आपटून ठिणगी पडे, रंजक पेटे आणि मग बार उडे. त्या क्षणभराच्या उजेडाने पाखरे सावध होत. स्कॉटलंडातील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ याने आघाताने पेटणारी दारू वापरून ही अडचण दूर केली व १८०७ मध्ये पेटंट मिळविले. मँटननेही त्याच तत्त्वावर स्वतःची रचना केली. फोर्साइथने दावा लावला व जिंकला. मँटनची रचना अधिक सुबक असली, तरी मूळ कल्पना फोर्साइथची होती; निकाल योग्यच म्हणावा लागेल. पुढे १८१८ मध्ये मँटनने तांब्याच्या बारीक नळीत ही दारू भरण्याची युक्ती काढली.

हा सारा बदल बंदुकीच्या अंगावर दिसतो. चकमकीच्या कित्येक उत्तम बंदुका पुढे टोपीच्या करून घेण्यात आल्या. रंजकाची वाटी कापलेली आणि कानाच्या जागी टोपी बसविण्याची बोंडी आटे पाडून घातलेली दिसली, की ओळखावे. ती पुन्हा चकमकीची करावी काय? माझ्या मते करू नये. तो बदल मालकाने बंदूक वापरण्यासाठीच करविला होता. तो पुसला तर तिच्या आयुष्याची निम्मी हकीकत गेली. नळ्याही घासून चकचकीत करू नयेत. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून त्या सांधलेल्या असतात आणि मुद्दाम आणलेल्या तपकिरी गंजामुळेच ती वीण उठून दिसते. क्रमांक व परीक्षेचे शिक्के गेले, तर मग माग कशाचा काढणार?

नावावर मात्र विसंबू नये. मँटनच्या नावाच्या नकला पुष्कळ झाल्या. शिवाय कलकत्त्यालाही मँटन नावाची पेढी होती. त्यामुळे आपल्याकडील एखाद्या जुन्या दुनळीवर हे नाव आढळले, तरी ती जोसेफच्या कारखान्यातलीच असेल असे नाही.

मँटनला व्यवहार साधला नाही. कोर्टकज्जे आणि तोफगोळ्यांचे प्रयोग यांत पैसा गेला व १८२६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स पर्डी त्याच वर्षी त्याच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जागेत आला आणि पर्डीचे नाव जगभर झाले. थॉमस बॉस आणि विल्यम ग्रीनर हेही मँटनच्याच कारखान्यातले. गुरू मात्र पुन्हा उभा राहिला नाही. १८३५ मध्ये तो वारला. केन्सल ग्रीन येथील त्याच्या थडग्यासाठी मृत्युलेख लिहिला तो पीटर हॉकर या सेनाधिकाऱ्याने. मँटनच्या बंदुका त्याने आयुष्यभर वापरल्या होत्या.