कँडीसाहेब आणि पिलाताचे हात

गेल्या सुट्टीत दापोऱ्याला घरी एका इंग्रजी उताऱ्याचं भाषांतर करत होते. 'या प्रकरणात तिने हात धुतले' असं लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं. आजीला वाटलं, त्या बाईने संधी साधून आपला फायदा करून घेतला! उताऱ्यात तर तिने जबाबदारी नाकारली होती.

हा वाक्प्रचार गुड फ्रायडेच्या वाचनात आपण दरवर्षी ऐकतो. येशूला क्रुसावर द्यायचं ठरलं, तेव्हा पिलाताने पाणी मागवून लोकांसमोर हात धुतले आणि दोष आपला नाही असं दाखवलं. तिथून इंग्रजीत 'हात धुणे' म्हणजे अंग काढून घेणे. आपण मात्र वाहत्या गंगेत हात धुतो. पिलाताने केलं त्याला मराठी माणूस हात झटकणं म्हणतो, नाहीतर काखा वर करणं.

असं शब्दाला शब्द ठेवून चालत नाही, याच्याशी ज्यांनी जन्मभर झुंज दिली ते मेजर थॉमस कँडी. जन्म १८०४, इंग्लंडमधला. ते आणि त्यांचा जुळा भाऊ जॉर्ज दोघेही कंपनीच्या फौजेत होते. लष्करी माणसं, पण मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाला या भावांनी हात लावला. शास्त्रीपंडितांच्या मदतीने तो कोश १८३१ मध्ये निघाला. मग उलट बाजूचा, इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी सुरू केला, पण पूर्ण केला कँडींनी, १८४७ मध्ये. मराठीत विरामचिन्हं रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा. आत्ता मी जो स्वल्पविराम दिला, त्यात थोडे कँडी आहेत!

शाळेची मराठी पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. त्या मराठीला इंग्रजी वळण लागलं, अशी टीका पुढे खूप झाली. ती खोटी नव्हती. पण दोन भाषांच्या मधे उभं राहणाऱ्याच्या वाट्याला हे येतंच. 'स्केपगोट'चंच बघा. लेवीयच्या पुस्तकात दोन बकरे आहेत: एकाचा बळी देतात आणि दुसऱ्यावर लोकांची पापं लादून त्याला रानात सोडतात. इंग्रजी शब्द या दुसऱ्याचा. आपण म्हणतो 'बळीचा बकरा'. त्यांचा जिवंत जातो, आपला कापला जातो. तरी दुसऱ्याचं पाप निमूट वाहणारा जीव दोन्हीकडे ओळखू येतो.

कँडींनी आपल्या कोशाची सुधारलेली आवृत्ती १८७३ मध्ये काढली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. १८७७ मध्ये ते गेले. एकदा छापलेल्या कामातून त्यांनी पिलातासारखे हात धुतले नाहीत.

मीही माझं वाक्य खोडलं. आता तिथे 'हात झटकले' आहे. आजीला कळलं.